तवा एकच

मागच्या मे महिन्यात तीन आठवडे आमच्याकडे चार कॉम्प्युटर मिळून एकच काम करत होते. नातवाचा लॅपटॉप, पुतण्याने टाकून दिलेला पडदा फुटलेला लॅपटॉप, वरच्या मजल्यावरच्या साहेबांचा (बँकेतून निवृत्त, पत्ते खेळण्यासाठी कॉम्प्युटर वापरतात) आणि चौथा आमच्या ह्यांचा. ह्यांच्या टेबलावरचा तो डबा आता मी वापरते, इथले लेखही त्यावरच लिहिते. पण घरात त्याला अजून 'बाबांचा कॉम्प्युटर'च म्हणतात, आणि त्यात त्यांनी शेवटच्या काही वर्षांत टाइप केलेल्या घराण्याच्या आठवणी आहेत. त्यामुळे नातू जेव्हा म्हणाला, "आजी, आजोबांचा कॉम्प्युटर मला रात्री वापरायला देशील?", तेव्हा मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, आधी काय करणार आहेस ते मला कळेल असं सांग. मग बघू.

त्याला वाटलं दोन मिनिटांत सुटेल. तीन संध्याकाळी गेल्या. :-)

तर मंडळी, गोष्ट अशी आहे. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती कळत नाही. तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. छोटा प्रोग्रॅम असेल तर हे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. पण नातू हात घालून बसला होता लिबरऑफिसमध्ये, म्हणजे मी ज्यात टाइप करते त्यातच. २०१० साली ओपनऑफिसमधून ते वेगळं निघालं, आणि मुळाशी गेलं तर १९८०च्या दशकात एका जर्मन मुलाने सुरू केलेल्या स्टारऑफिसपर्यंत पोचतं. हजारो फायली. जुन्या फायलींत प्रोग्रॅमरांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपा जर्मनमध्ये होत्या, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी त्या थोड्या थोड्या वाटून घेऊन, कितीतरी वर्षं खपून, इंग्रजीत आणल्या. मला हे इतकं आवडलं की मी त्याला तिथेच थांबवून दोनदा विचारलं. पगार नाही, परीक्षा नाही, आणि लोक बसून दुसऱ्याच्या समासातल्या टिपा भाषांतरित करताहेत!

असो. नातवाला त्यात एक अगदी बारकी दुरुस्ती करायची होती. जोडाक्षरांच्या शब्दात कर्सर नको तिथे अडखळतो, ते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्याने तो विषय घेतला होता. अडचण अशी की त्याचा लॅपटॉप जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, दोन कोअरचा. पहिल्यांदा सगळं कंपाइल करायला त्याला नऊ तास लागले. त्यानंतर प्रत्येक बदल तपासायचा म्हणजे पुन्हा थांबायचं. नवा लॅपटॉप यंदा शक्य नव्हता, ते त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या आईलाही. एके दिवशी जेवताना तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "मी विषयच बदलतो. एखादी वेबसाइट करून देतो, सगळे तेच करतात."

पस्तीस वर्षं शिकवल्यावर हा 'सहज' सूर लगेच ओळखू येतो. मुलाला विषय अवघड जात नसतो, साधन कमी पडत असतं, आणि ते बोलायची लाज वाटत असते.

आता कुणी म्हणेल, एका ओळीच्या बदलासाठी सगळं पुन्हा कशाला कंपाइल करायचं? मीही हेच विचारलं. तर करावं लागत नाही. 'मेक' नावाचं एक साधन आहे, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेलं. ते प्रत्येक फायलीची वेळ पाहतं, आणि जी फाइल मागच्या खेपेनंतर बदलली आहे तेवढीच पुन्हा करतं. पण काही फायली अशा असतात की त्या इतर शेकडो फायली वाचतात. त्यांना हेडर म्हणतात. शाळेत शिपाई सूचना-वही घेऊन वर्गावर्गांतून फिरतो ना, तसं. एका वर्गाचा फळा पुसला तर बाकीच्यांना काही नाही, पण सूचना-वहीतली एक ओळ बदलली की वही पुन्हा सगळ्या वर्गांतून फिरवायची. नातवाची दुरुस्ती नेमकी अशाच एका हेडरला स्पर्श करत होती. तिथे हात लागला की पन्नास मिनिटं गेली.

मेकला सांगता येतं की एका वेळी एकच फाइल नको, चार घे, आठ घे. फायली एकमेकींवर अवलंबून नसतील तर हे चालतं. पण लॅपटॉपला डोकीच दोन असतील तर आठ कामं देऊन काय उपयोग? इथे डिस्टसीसी येतं.

डिस्टसीसी मार्टिन पूल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने २००२ साली लिहिलं. कल्पना इतकी साधी आहे की ऐकल्यावर "एवढंच?" असं वाटतं. तुमच्या मशीनवर कंपायलरच्या जागी डिस्टसीसी उभं राहतं. मेकने "ही फाइल कंपाइल कर" म्हटलं, की ते काम स्वतः न करता नेटवर्कवरच्या मोकळ्या मशीनकडे पाठवतं. तिथे डिस्टसीसीडी नावाचा एक सेवक वाट पाहत बसलेला असतो. तो कंपाइल करतो आणि तयार झालेली फाइल परत पाठवतो. मेकला पत्ताही लागत नाही की काम घरात झालं की वरच्या मजल्यावर.

यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट पुढे आहे. वरच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिसच्या त्या हजारो फायली नव्हत्याच. हेडरही नव्हते. मग तो कंपाइल कसा करणार? तर फाइल पाठवण्यापूर्वी नातवाचा लॅपटॉप तिच्यातले सगळे संदर्भ सोडवून घेतो, म्हणजे "अमुक हेडर पाहा" असं जिथे लिहिलं असेल तिथे तो अख्खा हेडरच आणून चिकटवतो. मग निघते ती फाइल स्वयंपूर्ण असते. परगावी उत्तरपत्रिका तपासायला पाठवताना सोबत प्रश्नपत्रिकाही जोडावी, नकाशाही जोडावा, म्हणजे तिकडच्याने काहीही मागायला नको, तसं. दोन्ही मशिनींची घड्याळं जुळायला नकोत, फायली सामाईक नकोत. फक्त कंपायलर तेवढा सारखा हवा.

हा 'फक्त' मात्र मोठा आहे. पेपर तपासणीला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गठ्ठे दहा जणांत वाटता येतात, पण दहाही जणांपुढे आदर्श उत्तरपत्रिका एकच लागते. एकाने जुन्या वर्षाची समोर ठेवली तर त्याने गुण मन लावूनच दिलेले असतात आणि तरीही बेरीज कामाची नसते. ह्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, पण जुनं, आणि त्यातला जीसीसी कंपायलर दोन पिढ्या मागचा. तिथे नातवाने लॅपटॉपवरची आवृत्ती घातली. साहेबांच्या मशीनवर विंडोज, आणि त्याला हात लावायचा नाही अशी त्यांची अट. मग त्याने पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून दिलं. रात्री पत्ते संपले की साहेब पेन ड्राइव्ह लावून मशीन पुन्हा सुरू करत, सकाळी काढून ठेवत. त्यांच्या डिस्कला कुणी शिवलंही नाही. तिसऱ्या रात्रीनंतर साहेब स्वतःच जिन्यातून विचारायला लागले, "काय, आज आमच्याकडे किती फायली आल्या?"

पहिली रात्र मात्र वाया गेली. चारही मशिनं वाय-फायवर होती. सगळं नीट लागलं, फायली जाऊ-येऊ लागल्या, आणि वेळ काही वाचेना. कारण ते संदर्भ चिकटवणं. शंभर ओळींची फाइल सगळे हेडर पोटात घेऊन निघते तेव्हा तिचं वजन कित्येक पटींनी वाढलेलं असतं. अशा हजारो फायली भिंतीपलीकडून हवेतून ये-जा करायच्या म्हणजे एसटी स्टँडच्या एकाच दारातून अख्ख्या जत्रेने आत-बाहेर करण्यासारखं. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून एक छोटा स्विच आणि केबलचं भेंडोळं घेऊन आला. माझ्या दारावरून, जिन्याच्या कठड्यावरून, साहेबांच्या खिडकीतून पांढरी केबल गेली. गल्लीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, काय लावताय? मी म्हटलं, कपडे वाळत घालायची दोरी.

कुठली मशिनं वापरायची आणि कुणाला किती काम द्यायचं, हे एका साध्या फायलीत लिहायचं असतं. मशीनचा पत्ता, तिरकी रेघ, आणि आकडा. १९२.१६८.१.११, तिरकी रेघ, ४ म्हणजे या पत्त्यावर एका वेळी चारच कामं. इथे नातू बराच वेळ खेळत बसला होता. सगळ्यात गमतीचा निर्णय होता स्वतःच्या लॅपटॉपचा. आपल्याकडे सगळ्यात कमी काम ठेवायचं, कारण वाटप करणं, संदर्भ चिकटवणं, आलेलं पुन्हा गोळा करणं हेही त्यालाच करायचं असतं. स्वतःवर जास्त घेतलं की वाटपच थांबतं आणि बाकीचे तीन हात बांधून बसतात. मला आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कितीतरी प्रमुख आठवले.

सुतळी इतकीच ताणता येते, हेही त्याने सांगितलं. फायली कंपाइल करणं वाटता येतं, पण शेवटी त्या सगळ्यांची जोडणी, ज्याला लिंकिंग म्हणतात, ती डिस्टसीसी वाटत नाही. ती त्याच्याच लॅपटॉपवर व्हायची. "म्हणजे पुरणपोळीसारखं," मी म्हटलं. "कसं?" होळीला आमच्याकडे पुरण वाटायला एक, कणीक तिंबायला एक, लाटायला तिघी. पण तवा एकच. लाटणाऱ्या तिघींच्या सहा केल्या तर तव्याशी लाटलेल्या पोळ्यांचा ढीग वाढेल, भाजून निघणाऱ्या पोळ्या तेवढ्याच. तो हसला आणि म्हणाला, जीन अॅम्डाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हेच मांडलंय, त्याला अॅम्डालचा नियम म्हणतात. दहा तासांच्या कामातला एक तास वाटता येत नसेल, तर हजार मशिनं लावा, तो एक तास काही तुटत नाही. (नियमाला नाव अॅम्डालचं लागलं, तव्यापाशी पिढ्यान्पिढ्या उभ्या राहिलेल्यांचं नाही. चालायचंच.)

याहून मोठा कारभार असेल तर आइसक्रीम नावाचं साधन वापरतात म्हणे. सुझे या जर्मन लिनक्स कंपनीच्या लोकांनी डिस्टसीसीवरूनच ते केलं. त्यात मधे एक वाटप करणारा बसतो, कोण मोकळा, कोण वेगवान हे पाहून काम देतो, आणि कंपायलरही सोबत पाठवतो, म्हणजे आवृत्त्या जुळवायची कटकट नाही. चार मशिनींना एवढा कारकून कशाला, म्हणून नातवाने ते घेतलं नाही. 'सीकॅश' मात्र घेतलं. एकदा केलेलं गणित पुन्हा तेच्या ते आलं तर वहीतून उत्तर काढून देणारं.

आता मूळ प्रश्न. ह्यांचा कॉम्प्युटर.

मला यंत्र बिघडेल याची भीती नव्हती. दुसऱ्याने पाठवलेलं काम आपल्या मशीनवर चालवायचं म्हणजे दार उघडं ठेवणं आलं, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. मी विचारलं, "त्या सेवकाने काम करता करता आजोबांच्या फायली उघडल्या तर?" नातवाने टाळाटाळ केली नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाला, धोका आहे. डिस्टसीसी आलेल्याला ओळखपाळख विचारत नाही. ३६३२ क्रमांकाच्या दारावर जो येईल त्याचं काम तो करतो, आणि कंपाइलच्या नावाखाली भलतंच कामही करून घेता येतं. २००४ सालच्या सुरक्षादोषांच्या यादीत याची नोंद आहे. म्हणून कुणाला आत घ्यायचं ते स्पष्ट सांगावं लागतं. त्याने फक्त आपल्या लॅपटॉपच्या पत्त्याला परवानगी दिली, राउटरवरून बाहेरच्या जगाला ते दार दिसत नाही हे तपासलं, आणि सेवकाला एक वेगळा, काहीच अधिकार नसलेला वापरकर्ता नेमून दिला. आजोबांच्या फोल्डरला कुलूप, ते माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही.

"पुरे झालं?" मी विचारलं.

"जवळजवळ," तो म्हणाला. "तरी आधी सगळं पेन ड्राइव्हवर काढून ठेवू. दोन प्रती. एक आईकडे."

हे मुलीला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "बाबांच्या कॉम्प्युटरला कशाला? दुसरा कुठला मिळणार नाही का?" तिचं म्हणणं मला कळत होतं. ते गेल्यापासून आम्ही दोघी त्या फोल्डरच्या आसपास घरात कुणी झोपलं असावं तशा वावरतो आहोत. उघडायचा नाही, हलवायचा नाही. पण त्याच मुलीचा मुलगा विषय बदलायला निघाला होता. आणि ह्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, यात आम्हा दोघींना काडीची शंका नव्हती. "तू प्रत काढून मला पाठव, मग करा," ती म्हणाली.

प्रत काढली, तिला पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा घाबऱ्या आवाजात फोन. "आई, यात काहीच वाचता येत नाही गं. नुसती चिन्हं आहेत."

मुलं घाबरतात, पण आपल्या वेळच्या ब्लॉगवाल्यांना कारण लगेच कळेल. ह्यांनी सगळं श्रीलिपीत टाइप केलं होतं, युनिकोड हाताला वळायच्या आधीच्या सवयीने. तो फाँट ज्या मशीनवर आहे तिथे मराठी दिसतं, नसेल तिथे ए, बी, सी आणि फुल्या. म्हणजे त्या बासष्ट फायली जगात एकाच डब्यावर वाचता येत होत्या, आणि त्या डब्याला कुणी हात लावू नये म्हणून आम्ही जपत होतो. त्याची डिस्क आपण होऊन कधीतरी गेलीच असती.

नातवाने त्याच रात्री फाँटची प्रत काढली आणि सगळ्या फायली युनिकोडमध्ये उलटवल्या. तोपर्यंत शेजारी ते कंपायलिंग चालूच. ह्यांच्या मशीनचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. सेवकाला 'नाइस' नावाची एक सूचना देता येते, म्हणजे घरच्या माणसाचं काम असेल तर त्याला आधी वाट द्यायची. मी टाइप करायला बसले की तो मागे सरायचा. दिवसा माझ्यासाठी त्या यंत्रापुढचा आकडा दोन होता, रात्री चार.

वेळेचं सांगते. केबल लागल्यावर नऊ तासांचे साडेतीन तास झाले, आणि हेडर बदलल्यावर लागणारी पन्नास मिनिटं अठरावर आली. डोकी बारा झाली तरी वेळ सहापट कमी झाला नाही. तवा! पण अठरा मिनिटं म्हणजे चहा पिऊन येईपर्यंत, आणि पन्नास मिनिटं म्हणजे दुसऱ्याच कशात तरी मन जाईपर्यंत. त्या फरकात त्याचा प्रकल्प उभा राहिला. दिवसाला दहा-बारा वेळा करून पाहायला मिळू लागलं तेव्हा त्याला मूळ चूक कुठे आहे ते सापडलं, आणि ती तो शोधत होता तिथे नव्हतीच.

एका दुपारी वीज गेली. मला वाटलं, गेलं सगळं. साहेबांचं मशीन बंद, माझं बंद, स्विच बंद. लॅपटॉपची बॅटरी होती तेवढाच चालू, आणि काम चालूच! पलीकडून उत्तर आलं नाही की डिस्टसीसी ती फाइल गुपचूप स्वतःच कंपाइल करतं, आणि त्या मशीनला मिनिटभर हाक मारत नाही. मिनिटाने पुन्हा विचारून पाहतं. ना तक्रार, ना थांबणं. वीज आली, मशिनं सुरू झाली, आणि ती आपोआप पंगतीत येऊन बसली.

जूनमध्ये त्याने प्रकल्प दिला. दुरुस्ती लिबरऑफिसवाल्यांनाही पाठवली आहे. तिकडून दोन सूचना आल्या, त्याप्रमाणे त्याने पुन्हा लिहून दिलीय, अजून चर्चा चालू आहे. सेवक आता बंद केलाय, ३६३२चं दार लावून घेतलंय. केबल मात्र जिन्यावर तशीच आहे. काढू का विचारलं तर साहेबच म्हणाले, असू द्या, दिवाळीत पोरगा येईल.

माझं सध्या दुसरं काम चालू आहे. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये येताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, ऱ्हस्व वेलांट्या एक घर सरकतात, त्यामुळे बासष्ट फायली ओळ न् ओळ वाचून सुधारायच्या आहेत. मुलगी अर्ध्या करते, मी अर्ध्या. शुद्धलेखनाचे नियम दोघींचे एकच हवेत, म्हणून आधी एक यादी करून तिला पाठवली. सतरा झाल्या. अठराव्या फायलीत सासूबाईंच्या माहेरच्या विहिरीची हकिगत आहे. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी गावभर गूळ वाटला, असं ह्यांनी लिहिलंय, पण पाण्याची जागा दाखवणाऱ्या माणसाच्या नावापुढे तीन टिंबं देऊन जागा रिकामी सोडली आहे. घरातल्या कुणाला ते नाव ठाऊक असेल तर मला कळवा. मोठ्या वन्सं, तुम्हाला आठवत असेल बहुतेक.